जावई यायच्या दिवशी कौंडण्यपुरात: तिवसा ते वर्धा नदी, पायी

मंगळवार, मोझरी

कार्तिक पौर्णिमेला कौंडण्यपूरला, म्हणजे वर्धा नदीकाठच्या रुक्मिणीच्या माहेरी, पायी जाणं हे आमच्या घरात मोठीमायचं खातं आहे. मोठीमाय म्हणजे आईची थोरली बहीण, तिवसा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते, वय सत्तरीच्या पलीकडे, वर्षभर फोनवर गुडघ्याचं रडगाणं चालू असतं आणि कार्तिक लागला की तेच गुडघे कुठं गायब होतात देव जाणे. यंदा २०२५ ला पौर्णिमा ५ नोव्हेंबरला बुधवारी आली, मी सुट्या टाकल्या आणि मंगळवारी दुपारी अमरावतीहून एसटी पकडली. मोठीमायनं फोनवर एवढंच सांगितलं, "बुटं-फुटं घालून मिरवू नको, पायाले सवयीचं असन ते घाल, अन् पाण्याची बाटली आणजो."

मोझरी रस्त्यातच लागते म्हणून उतरलो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ ला इथं गुरुकुंज आश्रम काढला, समाधीही इथंच. पुण्यतिथी महोत्सव होऊन गेलेला त्यामुळे गर्दी नव्हती, पुण्यतिथीला याल तर दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी अख्खा माणसांचा समुद्र मौन धरून उभा राहतो, ते एकदा तरी पाहावं असं आहे. आज मात्र शांत. संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला पाठीमागं जाऊन बसलो, शेजारी एक ट्रॅक्टरचा ड्रायव्हर हातपाय धुऊन येऊन बसला होता, अंगाला डिझेलचा वास, पण प्रार्थना तोंडपाठ. महाराजांचे गुरू आडकोजी महाराज वरखेडचे, तेही याच तालुक्यात, म्हणजे एवढ्याशा तिवसा तालुक्यात किती जागा आहेत बघा, आणि आपण दर सुटीत गाडी काढून चिखलदऱ्याला पळतो.

अंधार पडल्यावर मोठीमायच्या गावी पोचलो. जेवणात ज्वारीची भाकर, बेसन आणि मिरचीचा ठेचा, नऊ वाजता सगळे आडवे, कारण चारला उठायचं.

बुधवार, तिवसा ते कौंडण्यपूर

चार कसले, साडेतीनलाच देवळातून काकड्याचे टाळ सुरू झाले. कोजागिरीपासून हे लोक रोज काकडा करतात, पौर्णिमेला त्याची समाप्ती आणि त्याच पावली दिंडी निघते. दिंडी म्हणजे फार मोठं काही नाही, तीस-चाळीस माणसं, त्यात बाया जास्त. पुढं पताकावाला पोरगा, मग विणेकरी बुवा, पखवाज, टाळकरी, मागं डोक्यावर तुळस घेतलेली एक बाई आणि त्यामागं पिशव्या, वळकट्या, स्टीलचे डबे घेतलेल्या आज्या. एक छोटा हत्ती टेम्पो सामानासाठी सोबत होता, त्यात गहू, गोवऱ्या, वांग्याची पोती आणि दोन मोठे गंज म्हणजे पातेली, ते कशाला हे संध्याकाळी कळणार होतं.

मोठीमायचं एक गाठोडं मी मागितलं तर दिलं नाही. "तुयं तू घे, मायं मी घेतो."

तिवस्याला नागपूर हायवे ओलांडणं हा दिवसातला सगळ्यात अवघड भाग. पूर्वीचा सहा नंबर, आता ५३, रात्रभर ट्रकची रांग तुटत नाही. विणेकरी बुवांनी हात वर केला, वीणा छातीशी धरली आणि सरळ रस्त्यात उतरले, मागं सगळी दिंडी टाळ वाजवत, आणि खरं सांगतो एक सोळा चाकी ट्रक करकचून थांबला, वरून ड्रायव्हरनं हात जोडले. मला धडकी भरली होती. बुवा पलीकडं गेल्यावर म्हणाले, "दरसाली थांबते. थांबते म्हणूनच जातो."

हायवे सुटला की कुऱ्ह्याचा रस्ता लागतो आणि एकदम आवाज बंद होतो. फटफटायला लागलं होतं. दोन्ही बाजूला पऱ्हाटी, बोंडं फुटून पांढरं झालेलं वावर, मधे मधे तुरीच्या ओळी पिवळ्या फुलावर आलेल्या, सोयाबीन निघून गेलेल्या वावरात हरभऱ्याची पेरणी. ज्यांनी वऱ्हाडातली काळी माती पाहिली नाही त्यांना सांगतो, उन्हाळ्यात हिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात हीच चपलेला धरून ठेवते. यंदा ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत पाऊस पडत राहिला, त्यामुळे धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चालणाऱ्या बायांच्या चपला अजूनही जड होत होत्या, एकीनं तर चपला सरळ पिशवीत टाकल्या आणि अनवाणी डांबरावर आली.

भजन चालू असतं पण मधे मधे थांबतं, आणि थांबलं की गप्पा एकाच विषयावर, कापूस. माझ्या बाजूला एक काकाजी चालत होते, पाच एकर कोरडवाहू. म्हणाले, यंदा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८११० रुपये आहे, पण तो घ्यायचा तर आधी मोबाइलवर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी पाहिजे, सातबाऱ्यावर पेरा चढलेला पाहिजे आणि कापसात ओलावा १२ टक्क्यांच्या वर नको. "आता तूच सांग, दिवाई होईपर्यंत पाणी पडलं, ओलावा कमी कुठून आणू? फॅन लावू काय कापसाले?" मग व्यापाऱ्याला विका, तो सात हजारालाही खळखळ करतो. त्यात सरकारनं बाहेरून येणाऱ्या कापसावरची ड्युटी डिसेंबर अखेरपर्यंत माफ केलेली, हे त्यांना तारखेसकट माहीत होतं. शहरात बसून आपण समजतो की वारीत लोक सगळं विसरून चालतात. कुठलं विसरतात. सगळं डोक्यावर घेऊनच चालतात, फक्त चालताना सांगायला कोणीतरी सोबत असतं.

रस्त्याला लागून एका वावरात वेचणी चालू होती. सकाळचं दव जाऊ द्यायला पाहिजे खरं तर, पण मजूर मिळत नाही म्हणून बाया लवकर लावलेल्या. कमरेला लुगड्याची ओटी बांधलेली, दोन्ही हात दोन वेगळ्या बोंडांवर, बोटं आत घालून पाकळ्या मागं सारल्या की सरकीसकट कापूस एका हिसक्यात बाहेर, वाळलेला पाला एक कणही येऊ द्यायचा नाही कारण पाला आला की भाव पडतो. बोंडाचं टोक काट्यासारखं कडक असतं, त्यांच्या नखांच्या कडा सगळ्या चिरलेल्या. दिंडी दिसली तशा सगळ्या बांधावर आल्या, तुळशीला हात लावला, एकीनं ओटीतल्या कापसाची वात वळून तुळशीवाल्या बाईच्या हातात दिली, "रातच्याले नदीत लावजो मायी." आणि परत ओळीत. किलोमागं दहा रुपये मिळतात त्यांना, उभं राहायला वेळ नाही.

पुढच्या गावात चहा-पोहे. एका घरापुढं सडा टाकून रांगोळी, घरधनीण तांब्या घेऊन उभी, विणेकरी बुवांचे पाय धुतले, कुंकू लावलं. बुवा म्हणजे एरवी गावातले सायकल दुरुस्तीवाले, त्यांच्याकडूनच तिच्या पोराच्या सायकलचं पंक्चर निघतं, पण गळ्यात वीणा आहे तोवर ते वेगळे. वीणा खाली ठेवायची नाही हा नियम, म्हणून बुवांना चहा प्यायचा असेल तर दुसऱ्यानं वीणा गळ्यात घ्यायची, ती मला घ्यायला लावली. हलकी असते वाटलं होतं, तशी नसते.

आता मुख्य वाद. मी अमरावतीचा. आमच्या अमरावतीत शेंबड्या पोरालाही विचारा, श्रीकृष्णानं रुक्मिणीला कुठून पळवलं, तर सांगेल अंबादेवीच्या देवळातून. कथा सगळ्यांना माहीत आहे, विदर्भाचा राजा भीष्मक, त्याची राजधानी कुंडिनपूर म्हणजे हेच कौंडण्यपूर, मोठा भाऊ रुक्मी याला बहिणीचं लग्न शिशुपालाशी लावायचं होतं, रुक्मिणीनं सुदेव नावाच्या ब्राह्मणाच्या हाती कृष्णाला पत्र धाडलं, आणि लग्नाआधी देवीच्या दर्शनाला म्हणून ती बाहेर पडली तेव्हा कृष्णानं रथात घेतलं. प्रश्न एवढाच, देवी कोणती? मी अंबादेवीचं नाव काढलं मात्र, बुवा चालता चालता थांबले.

"लगन कौंडण्यपुरात, अन् पोरगी देवीले अमरावतीले जाईन? चाळीस किलोमीटर? तवा काय एसटी होती?"

कौंडण्यपुरात अंबिकेचं देऊळ आहे ना, तिथूनच नेलं, हे यांचं म्हणणं. मी काही बोलणार त्याच्या आत मागून एक आजी, तोंडात सुपारी, "भुयार होतं ना बाप्पा. इथून अंबादेवीलोक भुयार होतं, माया आज्यानं सांगतलं." म्हणजे दोन्ही गावांची सोय झाली. हे भुयाराचं मी अमरावतीतही ऐकलेलं आहे, मला स्वतःला ते पटत नाही, काळ्या मातीत आणि खालच्या दगडात चाळीस किलोमीटर खोदणं आजच्या मशिनीलाही सोपं नाही, पण आजीशी कोण भांडेल.

पुढचा भाग मला जास्त आवडतो. रुक्मीनं प्रतिज्ञा केली होती की कृष्णाला हरवून बहिणीला परत आणल्याशिवाय कुंडिनपुरात पाऊल ठेवणार नाही. हरला. मग परत आलाच नाही, वेगळं गाव वसवलं, भोजकट, आणि ते भोजकट म्हणजे आपलं अमरावतीजवळचं भातकुली असं मानतात. म्हणजे विचार करा, शब्दाखातर घर सोडून तालुक्याच्या अंतरावर जाऊन राहणारा भाऊ. असे भाऊ वऱ्हाडात आजही दर गावात दोन तरी सापडतात, फरक एवढाच की यांचं भांडण धुऱ्यावरून असतं.

कुऱ्ह्यात दुपारी पोचलो. मोठं गाव, बाजाराचं, अमरावती-आर्वी रस्त्यावरचं. इथं बाकीच्या गावांच्या दिंड्या येऊन मिळतात, रस्त्यावर पताकाच पताका, मधूनच एसटी हॉर्न वाजवत वाट काढते. एसटीतून खिडकीतल्या बाया ओरडून विचारतात, "हाफ तिकीट हाये ना बायहो, कायले पायी मरता?" तर आमच्यातल्या एकीचं उत्तर, "सरकारनं अर्धं माफ केलं, बाकीचं अर्धं पायानं फेडतो." मोठीमायला तर पंच्याहत्तर झाली की पूर्णच फुकट, तेव्हाही पायीच जाईन म्हणते. शाळेच्या ओट्यावर तास-दीड तास पाठ टेकली. माझ्या टाचेला फोड आला होता, मोठीमायनं बघितलं, पिशवीतून खोबरेल तेलाची छोटी बाटली काढून चोळलं आणि वर चिंधी बांधली, झालं, चिंधीवर मोजा आणि चाल.

उन्हं कलायला लागल्यावर शेवटचा टप्पा. सकाळपासून मला एक गोष्ट खटकत होती, आपण वर्धेच्या खोऱ्यात चाललोय, नदी जवळ येतेय, पण दिसत काहीच नाही, सपाट वावर, बाभळी, लांबवर विजेचे खांब. बोलून दाखवलं तर काकाजी म्हणाले, "वर्धा तशीच हाये. दिसत नाई, एकदम येते." संत्र्याचे बगीचे लागले, आंबिया बहाराची फळं पिवळी व्हायला लागलेली, झाडाखाली गळून पडलेल्या फळांचा सडा, पावसानं यंदा फळगळ फार केली. बगीचेवाल्यानं रस्त्याच्या कडेला एक ढीग ठेवून दिला होता, घ्या म्हणे, दिंडीला. आंबट होती पण चालून तोंड कोरडं पडल्यावर आंबटच बरं लागतं.

आणि मग खरंच एकदम आली. रस्ता उताराला लागला, माती काळीची मुरमाड झाली, आणि समोर जमीनच संपली असं वाटलं, खाली रुंद पात्र, पाण्यावर तिरपं ऊन, पलीकडच्या काठाला देऊरवाडा, आणि अलीकडं टेकाडावर कौंडण्यपूरचं देऊळ. सातपुड्यात मुलताईकडं उगम पावणारी ही नदी वरच्या अंगाला मोर्शीजवळ सिंभोऱ्याला अडवली आहे, खाली आर्वी तालुक्यात धनोडीला परत अडवली आहे, तरी मधल्या या पट्ट्यात तिचा डौल काही कमी झालेला नाही. दिंडीतल्या सगळ्या बायांनी उतारावरच हात जोडले, पण देवळाला नाही, आधी नदीला.

कौंडण्यपुरात पाऊल ठेवायला जागा नव्हती. आकाशपाळणा, रेवड्या-बत्ताशांची दुकानं, बांगड्या, प्लास्टिकच्या बंदुका, लाह्यांची पोती. देवळाकडं पायऱ्या चढताना गर्दीत ढकलत ढकलत वर गेलो. विठ्ठल-रुक्मिणीचं दर्शन झालं तेव्हा सहा वाजत आले असतील. इथं एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. पंढरपूरला आपण जातो तेव्हा विठोबा म्हणजे मायबाप, सावळा परब्रह्म वगैरे. इथं तो जावई आहे. रविवारी पंढरपुरात कार्तिकी एकादशी झाली की देव पौर्णिमेला सासुरवाडीला येतो ही इथली समजूत, आणि लोक ती अगदी घरातल्या गोष्टीसारखी बोलतात. रांगेतल्या एका बाईला मी ऐकलं, "थकून आला असन, चार दिस उभाच होता तिथी." मोठीमायला विचारलं, पंढरपूर आणि इथं काय फरक वाटतो, तर तिनं एका वाक्यात विषय संपवला. "तिथी आपण मागाले जातो, इथी त्याले जेवू घालाले येतो."

पंढरपूर आणि कौंडण्यपूरचं नातं एकतर्फी नाही. आषाढीला इथून रुक्मिणीमातेची पालखी पंढरपूरला जाते, १५९४ ला संत सदाराम महाराजांनी सुरू केली असं सांगतात. तुकोबांच्या देहूच्या पालखीची सुरुवात १६८५ ची, म्हणजे ही तिच्याही नव्वद वर्षं आधीची. वऱ्हाडातून पार पंढरपूर, जेष्ठात निघायचं, वाटेत अमरावतीला जंगी स्वागत, आणि पुढं महिनाभर चाल. टीव्हीवर आळंदी-देहूच्या बातम्या दिवसभर चालतात आणि या पालखीला पट्टीत एक ओळ मिळते, याचा मला दरवर्षी राग येतो. माहेरची माणसं लेकीला भेटायला चालत निघालेत, त्याहून मोठी बातमी कोणती पाहिजे?

खाली उतरताना काकाजींनी बाजूचं टेकाड दाखवलं, "हे पांढरी हाये. जुनं गाव." वऱ्हाडात जुन्या वस्तीच्या मातीला पांढरी म्हणतात, शेताची ती काळी. साठच्या दशकाच्या सुरुवातीला इथं पुरातत्त्वाचं उत्खनन झालं, सातवाहनांच्या काळातली वस्ती निघाली, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही या काठावर लोक नांदत होते. रुक्मिणीच्या आधीच्या कथांतही विदर्भाच्या लेकी आहेतच, नळाची दमयंती, अगस्तींची लोपामुद्रा, अजाची इंदुमती, आणि इथली माणसं या सगळ्यांना आपल्याच गावच्या मोजतात. मला मजा वाटली ती याची की टेकाडावर चढायच्या वाटेत पावसानं माती धुतली गेलेली, खापरांचे तुकडे असेच वर आलेले, लाल, काही काळे, आणि दोन पोरं त्यावर लगोरी खेळत होती.

आता गंज आणि गोवऱ्यांचं. नदीकाठच्या मोकळ्या जागेत प्रत्येक गावाची आपापली चूल, आणि आमच्या गावाचे रोडगे. ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी सविस्तर सांगतो. जाड दळलेल्या गव्हाची कणीक, त्यात तेलाचं मोहन, मीठ, ओवा, घट्ट मळायची. एक लहान पारी लाटायची, तेल लावायचं, गोळा करायचा, तो दुसऱ्या पारीत घालायचा, परत तेल, परत तिसऱ्या पारीत, असे एकात एक चार-पाच थर, आणि शेवटी तोंड मिटवून मुठीपेक्षा मोठा गोळा. तोवर गोवऱ्यांचा थर पेटून, धूर संपून, लाल निखारा व्हायला पाहिजे, धुरात टाकला की रोडगा कडू. निखारा पसरून वर रोडगे मांडायचे, पालटत राहायचं, बाहेरून खमंग झाले की तिथंच गरम राखेत गाडून टाकायचे आणि विसरायचं, आतला थर त्या उबेवर शिजतो. हे काम गड्यांचं, बाया वांगी चिरतात. काढल्यावर पोत्यात घालून दोघांनी दोन टोकं धरून झोळी हलवायची, राख झडते, मग फडक्यानं पुसायचा, दोन्ही तळहातात धरून दाबला की थर सुटतात आणि वाफ येते, त्यावर तूप.

सोबत आलू-वांग्याची भाजी, तर्री तरंगणारी, आणि वरण. एकादशीला चातुर्मास संपलेला, म्हणजे चार महिन्यांनी कित्येकांनी वांगं तोंडात घातलं होतं, त्यामुळे भाजीच्या गंजापाशी जी गर्दी झाली ती देवळात झाली नसेल. काही आज्या मात्र चंपाषष्ठीपर्यंत वांगं धरत नाहीत, त्यांना वरण-रोडगा. मी किती खाल्ले ते लिहीत नाही, मोठीमाय हे वाचून घेते कोणाकडून तरी.

जेवण चालू असतानाच देऊरवाड्याच्या बाजूनं चंद्र वर आला, आणि बाया उठून द्रोणात दिवे घेऊन पाण्याकडं गेल्या. वेचणाऱ्या बाईनं दिलेली ती वात तुळशीवालीनं विसरली नव्हती, वेगळ्या पणतीत लावली आणि सोडली. पाण्यात इतके दिवे होते की तो कुठला ते दोन मिनिटांत कळेनासं झालं. काठावर बाजूला एक पोरगं पाण्यात उतरून वाहत आलेल्या द्रोणांतली नाणी काढत होतं, त्याला कोणी रागवत नव्हतं.

झोप कसली, मंडपात शेजारच्या गावाचं भजन रात्री दोनपर्यंत, पखवाज कानाशी.

गुरुवार, दहीहंडी आणि नदीपलीकडे

दहीहंडी म्हटली की आपल्या डोळ्यापुढं श्रावण, थर आणि डीजे येतो. इथं ती कार्तिक वद्य प्रतिपदेला, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, आणि थरांची शर्यत नाही, बक्षिसाचा आकडा नाही. दिंड्या येऊन उभ्या राहतात, टाळ-पखवाजाचा ठेका वाढत जातो, हंडी फुटते आणि मग तो काला मिळवायला जी झुंबड उडते, त्यात मी माझा चष्मा दोन्ही हातांनी धरून उभा होतो. मोठीमाय कुठून कशी पुढं गेली कळलं नाही, परत आली ती मुठीत लाह्या-दही घेऊन, अर्धं माझ्या तोंडात कोंबलं, अर्धं पदराच्या टोकाला बांधलं, घरच्या गाईसाठी.

दिंडी टेम्पोनं परत जाणार होती. मी म्हटलं आपण उलट्या बाजूनं जाऊ, पूल ओलांडून देऊरवाडा, तिथून आर्वी. पुलावर मधोमध थांबलो. एका बाजूला अमरावती जिल्हा, दुसऱ्या बाजूला वर्धा जिल्हा, आणि ही हद्द आजची नाही. इंग्रजांच्या काळातही अलीकडचा काठ वऱ्हाड, निजामाचा मुलूख, जो १८५३ ला इंग्रजांनी त्याच्याकडून ताब्यात घेतला, आणि पलीकडं नागपूरकर भोसल्यांचं राज्य जे नंतर मध्य प्रांतात गेलं. आता एकच विदर्भ, पण बोलीत फरक कान दिला तर लागतो, आणि आर्वीची माणसं अजून "वऱ्हाडात पोरगी दिली" असं म्हणतात, जणू काही ते स्वतः दुसऱ्या देशात राहतात. रुक्मिणीवर मात्र दोन्ही काठांचा सारखाच हक्क, पुलावरून सकाळपासून माणसांची रीघ तिकडूनही चालूच होती.

देऊरवाड्याकडून कौंडण्यपूर जास्त चांगलं दिसतं हे कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. अलीकडून जाताना गर्दीत नुसत्या पायऱ्या दिसतात, पलीकडून घाट, टेकाड, देऊळ, सगळं एका नजरेत येतं. फोटो काढायचा असेल तर दुपारच्या आधी, कारण उजेड पाठीमागून मिळतो.

आर्वीपर्यंतचा रस्ता साधाच, वाहनं जास्त, धूळ जास्त, टाचेची चिंधी सुटलेली. आर्वीत एका म्हाताऱ्यानं रस्ता सांगताना सवयीनं "टेसनापासून डावीकडं" सांगितलं, आर्वी-पुलगावची छोटी रेल्वे बंद होऊन जमाना झाला तरी. चहा घेतला आणि अमरावतीची गाडी मिळाली. तीच गाडी परत कौंडण्यपूर, कुऱ्हा करत जाते. कंडक्टरनं तिकीट फाडताना माझ्या कपाळावरचा बुक्का बघून विचारलं, "काला भेटला काय?" नाही म्हटलं, मोठीमायनं दिला तेवढाच. "मंग भेटला म्हना की."

कोणाला जायचं असेल तर: तिवस्याहून पहाटे निघालात तर कुऱ्ह्यात दुपारचं थांबून संध्याकाळपर्यंत आरामात पोचता. एवढं नको असेल तर कुऱ्ह्यापर्यंत एसटीनं या आणि शेवटचा टप्पा चाला, नदीचा उतार त्यातच आहे. ओळखीची दिंडी नसली तरी कुठल्याही दिंडीच्या मागं लागा, नाव-गाव विचारतील, मग जेवायला बसवतील. नोव्हेंबरात दुपारचं ऊन लागतं आणि पहाटे गारठा असतो, शाल ठेवा. पुढच्या वेळी मोठीमाय जेष्ठातल्या पालखीला निदान अमरावतीपर्यंत चल म्हणते आहे, गुडघ्यांचं काय म्हटलं तर फोन ठेवून दिला.